भाच्याला गोलकीपर व्हायचंय: बर्फावर की टर्फवर?

गेल्या महिन्यात खारघरला ताईकडे जेवायला होतो. रात्रीचे पावणेदहा, मी बडीशेप चघळत बाल्कनीत उभा, आणि हॉलमधून धप्प. दोन सेकंद शांत, परत धप्प. जाऊन बघतो तर आमचा भाचा, नववीत आहे, सतरंजी गुंडाळून कोपऱ्यात टाकलीय, गुडघ्याला व्हॉलीबॉलच्या नीकॅप, त्यावर जुन्या उशीचे दोन तुकडे सेलोटेपने बांधलेत आणि पठ्ठ्या उभ्याउभ्या दोन्ही गुडघ्यांवर पडतोय, पोटऱ्या दोन बाजूंना बाहेर फेकून. आइस हॉकीतले गोलकीपर असे खाली बसतात, त्याला बटरफ्लाय म्हणतात. सातव्या का आठव्या धप्पला बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे काका, लुंगी, कपाळावर सरकवलेला चष्मा. म्हणाले, "अहो वहिनी, पीठ कुटताय की माणूस पाडताय?"

विषय तिथून निघाला. तीन वर्षं तो सेक्टरच्या रिंकवर इनलाइन हॉकीत, म्हणजे एका रांगेत चाकं असलेल्या स्केटवरच्या हॉकीत, कीपिंग करतोय, मोबाइलवर एनएचएल, म्हणजे उत्तर अमेरिकेतली आइस हॉकीची सगळ्यात मोठी लीग, बघतो, आणि भाऊजींचा एक चुलतभाऊ कॅनडात ब्रॅम्प्टनला असतो, त्याने फोनवर सहज म्हटलं की पाठवा दहावीनंतर इकडे, इथे जिकडे बघाल तिकडे रिंक आहे. झालं. आमच्या घरात सहज बोललेलं कधी सहज राहत नाही, दुसऱ्या दिवशी पासपोर्ट कुठे ठेवलाय ते शोधणं सुरू. ताई म्हणाली तू कीपर होतास ना, तूच नीट लिहून दे, बर्फावरची हॉकी की आपली मैदानावरची, करिअर म्हणून कुठलं काय, समोरासमोर मांड. तर हे ते. म्हटलं लिहितोच आहे तर इतरांच्याही कामाला येईल, कारण ठाण्यात आणि नवी मुंबईत चाकावर धावणारी पोरं कमी नाहीत आणि त्यातलं एखादं तरी गोलमध्ये उभं राहायला तयार होतंच.

आधीच सांगतो, मी निष्पक्ष नाही. अकरा वर्षं मैदानी हॉकीत पॅड बांधले, आधी कॉलेज मग कंपनीची टीम, ठाण्याहून सीएसएमटी आणि तिथून चर्चगेटजवळच्या टर्फपर्यंत किटची बॅग ओढली, आणि त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं मी दोन नंबरचा कीपर होतो. ते दोन नंबर असणंच पुढे महत्त्वाचं आहे, येतो त्यावर.

काम एकच, पण एकच नाही

लोकांना वाटतं गोलकीपर तो गोलकीपर, बर्फ काय न गवत काय. मापं बघा. आइस हॉकीचा गोल ६ फूट रुंद, ४ फूट उंच. मैदानी हॉकीचा १२ फूट रुंद, ७ फूट उंच. म्हणजे क्षेत्रफळात साडेतीन पट फरक. बॉल आणि पक मात्र वजनाला जवळपास सारखेच, आपला बॉल १५६ ते १६३ ग्रॅम, त्यांचा पक म्हणजे ३ इंच व्यासाची, १ इंच जाडीची कडक रबराची चकती, १७० ग्रॅमच्या आत, आणि मॅचच्या आधी ती फ्रीझ करून ठेवतात, नाहीतर बर्फावर टप्पे खाते. २०१२ ला झडेनो चारा नावाच्या धिप्पाड डिफेंडरने जोरात शॉट मारायच्या स्पर्धेत मारलेला शॉट ताशी १७५ किलोमीटरचा मोजला गेला. तो समोरून येताना बघायचा नसतो, तो अंगाला लागल्यावर कळतो.

तर बर्फावर गोल छोटा आणि कीपर मोठा, म्हणून तिथलं सगळं शास्त्र जागा भरण्याचं. पुढे येऊन अँगल कापायचा, गुडघ्यावर पडून खालची बाजू बंद करायची, काखेत, पायात भोक ठेवायचं नाही, आणि मग शॉट आपणहून येऊन लागला पाहिजे. आपल्या हॉकीत गोल भरायचा म्हटलं तरी भरत नाही, तिथे काय सोडायचं ते ठरवावं लागतं. पेनल्टी कॉर्नर घ्या. तुम्ही धरून पाचच जण बचावाला, बाकीचे सेंटर लाइनपलीकडे. थेट जोरात हिट मारली तर ती पाठच्या फळीच्या उंचीत, म्हणजे ४६० मिलीमीटरच्या आत राहायला हवी, पण ड्रॅगफ्लिक, म्हणजे बॉल स्टिकवर ओढत नेऊन भिरकावणं, कुठल्याही उंचीला जाऊ शकते, त्यामुळे फ्लिकरचा खांदा किती खाली गेला ते बघून अर्ध्या क्षणात उजवीकडचा वरचा कोपरा की डावा पाय, एकच काहीतरी निवडायचं. दुसरीकडे गेला तर गेला, पोस्टवरच्या माणसाचं नशीब.

अजून एक मोठा फरक, पकडणं. बर्फावर डाव्या हातात बेसबॉलसारखा मोठा ग्लोव्ह असतो आणि पक पकडून धरून ठेवता येतो, मॅच थांबते, श्वास घेता येतो. आपल्याकडे बॉल धरून ठेवला किंवा त्यावर झोपलात तर शिट्टी. मग पायाने, स्टिकने लांब काढायचा, हाताने फक्त बाजूला ढकलायचा, आणि काढला की दोन सेकंदात परत येतो. भाच्याला हे आवडत नाही, कारण सोसायटीत टेनिस बॉलवर स्लिपला कॅच घेऊन घेऊन त्याचा डावा हात खरंच चांगला झालाय. ठाण्या-मुंबईच्या पोरांना बर्फावर काही फुकट मिळत असेल तर हा क्रिकेटचा हात.

बाकी मात्र काही फुकट नाही. आइस हॉकीत गोलकीपर हा टीममधल्या चांगल्या स्केटर्सपैकी एक असावा लागतो, उभा राहतो म्हणून त्याला स्केटिंग कमी लागतं हा गैरसमज. कॅनडात पोरं चार-पाच वर्षांची असताना बर्फावर उतरतात. इनलाइनवर वेग येतो, तोल येतो, पण चाक आडवं सरकत नाही, आणि बटरफ्लायमध्ये गुडघ्यावर असतानाच या पोस्टपासून त्या पोस्टपर्यंत घसरत जाणं हाच तर अर्धा खेळ. आमच्याकडचा तो धप्प म्हणूनच अर्धवट आहे, धप्प होतो पण पुढे सरकत नाही, मार्बलवर उशी अडकते.

आणि काम किती लागतं? एनएचएलच्या मॅचला २५-३० शॉट येतात, शंभरातले नव्वद अडवले तर सर्वसाधारण, ब्याण्णव अडवले तर हिरो. म्हणजे दोन टक्क्यांवर घर चालतं लोकांचं. मैदानी हॉकीत एखाद्या मॅचला गोलवर चारच शॉट येतील, बाकी वेळ तुम्ही गोलसमोरच्या डीमध्ये उभे राहून घसा बसेपर्यंत ओरडताय, "डावा घे, डावा, मागे माणूस!" मी तर सोमवारी ऑफिसला खुणेनेच बोलायचो.

खरा प्रश्न: रांग किती लांब

पैसे नंतर बघू. कीपरचं करिअर ठरवताना पहिला प्रश्न हा, की जागा किती आणि एक नंबरचा माणूस हटेपर्यंत तुम्ही कुठे आणि कोणाच्या पैशावर बसणार. फॉरवर्डला बदली म्हणून पाच मिनिटं तरी उतरवतात. कीपरला नाही. एक खेळतो, दुसरा बाटल्या भरतो.

एनएचएलमध्ये ३२ टीम, प्रत्येकी दोन कीपर, म्हणजे ६४ खुर्च्या. अख्ख्या जगात. त्याच्या खाली एएचएल, त्याच्या खाली ईसीएचएल, आणि युरोपात स्वीडन, फिनलंड, जर्मनी, स्वित्झर्लंड, झेकिया वगैरेंच्या स्वतःच्या लीग. आशियात जपान-कोरियाच्या टीमची एक प्रोफेशनल लीग आहे. खुर्च्या एकूण बऱ्याच होतात, पण तिथे बसायला येणारी पोरं सहाव्या वर्षापासून रोज बर्फावर आहेत.

चढायचा रस्ता असा: १६ ते २० वयाला कॅनडाची मेजर ज्युनियर लीग किंवा अमेरिकेतलं कॉलेज, १८ व्या वर्षी एनएचएलचा ड्राफ्ट, म्हणजे टीम पाळीपाळीने नवी पोरं निवडतात ते, सात राउंड, २२४ नावं. ज्युनियर टीम परदेशी पोरं मोजकीच घेतात, मधली काही वर्षं तर परदेशी गोलकीपर घ्यायलाच बंदी होती, ती २०१८ ला उठवली. आता आमचा भाचा दहावी करून जाणार म्हणजे सोळाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा खऱ्या बर्फावर, आणि ड्राफ्टला दोन वर्षं. ताई, तूच बघ. उंचीचं मी बोलणारच नव्हतो पण बोलतो, हल्ली तिथे सहा फुटाच्या खालचा कीपर शोधावा लागतो, यूसे सारोस ५ फूट ११ इंचाचा आहे तर त्याला लोक बुटका म्हणतात. भाऊजी पाच फूट सहा इंच.

पण दुसरी बाजू पण सांगायला हवी, नाहीतर भाचा म्हणेल मामाने आधीच ठरवलं होतं. गोलकीपर उशिरा पिकतो. हे त्या धंद्यातलं सगळ्यात दिलासा देणारं सत्य आहे. डॉमिनिक हॅशेक १९८३ च्या ड्राफ्टमध्ये १९९ वा होता, एनएचएलमध्ये पहिल्यांदा उतरला १९९०-९१ ला, आणि त्यानंतर सहा वेळा लीगचा बेस्ट गोलकीपर, शिवाय १९९८ ला नागानोत चेक टीमला ऑलिम्पिक गोल्ड. हेन्रिक लुंडक्विस्ट २००० ला २०५ वा. टिम थॉमस तिशी उलटल्यावर तिथे पक्का झाला, मधली वर्षं फिनलंड-स्वीडन करत फिरला, आणि २०११ ला ३७ व्या वर्षी बोस्टनला स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकून दिला. जॉर्डन बिनिंग्टन २०१८-१९ चा सीझन सुरू झाला तेव्हा सेंट लुइसच्या यादीत चौथ्या नंबरचा कीपर होता, सीझन संपला तेव्हा कप हातात. म्हणजे चमत्कार होतात. फक्त हे सगळे चमत्कार होईपर्यंत कुठल्यातरी छोट्या गावात, बसमध्ये झोपून, रोज खेळतच होते, सुट्टीवर नव्हते.

आणि ती डेव्हिड आयर्सची गोष्ट भाचा दर आठवड्याला सांगतो. २२ फेब्रुवारी २०२०, टोरोंटोत मॅच, कॅरोलिनाचे दोन्ही कीपर जखमी, म्हणून स्टेडियममध्ये बसलेला ४२ वर्षांचा इमर्जन्सी गोलकीपर उतरवला, ज्याचं रोजचं काम रिंकचा बर्फ गुळगुळीत करायची गाडी चालवणं, आणि ज्याची किडनी बदललेली. दहापैकी आठ शॉट अडवले, टीम ६-३ ने जिंकली. मला पण ऐकून भरून येतं, खोटं कशाला बोलू. पण लीग आणि खेळाडूंच्या नव्या करारानुसार २०२६-२७ पासून क्लबना स्वतःचा कायमचा इमर्जन्सी कीपर ठेवायचाय, म्हणजे प्रेक्षकातून उठून थेट गोलमध्ये जायची ती खिडकी पण बंद होत चाललीय.

आता आपली रांग. इंडियाची टीम बघितली तर ती पण भयंकर अरुंद. ऑलिम्पिकला १६ जणांची टीम जाते आणि त्यात कीपर बहुतेक एकच. श्रीजेश टोकियोला एकटा, पॅरिसला एकटा, आणि बाकीचे कीपर वर्षानुवर्षं त्याच्या मागे. पण त्या टीमच्या खाली जे आहे ते बर्फावर नाही: रेल्वे, सेनादल, ऑइल कंपन्या, इन्कम टॅक्स, पोलिस, बँका. तिथे दोन नंबरचा कीपर पण महिन्याच्या एक तारखेला पगार घेतो. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्याला चांगल्या लेव्हलची सर्टिफिकेटं लागतात आणि कागदपत्रांची पडताळणी म्हणजे वेगळीच पेनल्टी कॉर्नर, पण रस्ता आहे. पुण्याला बालेवाडीत क्रीडाप्रबोधिनीत हॉकी आहे, चर्चगेटला टर्फ आहे. आशिष बल्लाळ मुंबईचा, १९९८ च्या एशियन गेम्सची फायनल शूटआउटमध्ये त्याने जिंकवली. एड्रियन डिसूझा मुंबईचा, २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकला होता. सूरज करकेरा मालाडचा. म्हणजे लोकलने जाऊन इंडियाचा कीपर झालेली माणसं आहेत.

हे सगळं गुलाबी नाही बरं का. सविता पुनिया इंडियाची कीपर म्हणून नाव कमावूनसुद्धा कित्येक वर्षं नोकरीशिवाय खेळत होती. आणि माझ्या बाबतीत, एका सीझनला मला सांगितलं गेलं की पुढच्या स्पर्धेत तूच पहिला, मी रजा टाकली, बॅग भरली, आणि स्टेशनवर कळलं की कोणाच्या तरी ओळखीचा तिसराच कीपर आलाय. पूर्ण स्पर्धा मी संत्री सोलली. पण संत्री सोलतानाही माझा पीएफ कापला जात होता, हा मुद्दा.

पैसा, थोडक्यात

एनएचएलमध्ये २०२५-२६ ला कमीत कमी पगार ७ लाख ७५ हजार डॉलर, २०२६-२७ पासून साडेआठ लाख. रुपयात साडेसहा कोटींच्या वर, आणि हा बाटल्या भरणाऱ्याचा. वरच्या टोकाला न्यूयॉर्कचा इगॉर शेस्टर्किन, डिसेंबर २०२४ ला आठ वर्षांचा करार, वर्षाला सरासरी १ कोटी १५ लाख डॉलर, इतका पगार आजवर कुठल्या गोलकीपरला नव्हता. टॅक्स, एजंट जाऊन पण नातवंडं बसून खातील. फक्त खालच्या लीगला पाठवलं की बऱ्याच करारांत पगाराचा दुसरा, बारीक आकडा लागू होतो, आणि पाठवतात कधीही, फोन आला की बॅग.

आपल्याकडे हॉकी इंडिया लीग डिसेंबर २०२४ ला सात वर्षांनी परत सुरू झाली, पुरुषांच्या आठ टीम, लिलावात सगळ्यात महाग हरमनप्रीत सिंग ७८ लाखांना. तो ड्रॅगफ्लिकर, म्हणजे गोल करणारा. गोल वाचवणाऱ्यावर बोली लागते तेव्हा हात जरा खिशात जातात, हे सगळीकडेच.

खर्चाचं गणित उलटं आहे. बर्फावरच्या कीपरची फक्त पायाच्या पॅडची चांगली जोडी दोन हजार डॉलरच्या घरात, वर मास्क, ग्लोव्ह, ब्लॉकर, स्केट, स्टिक्स ज्या तुटतातच, आणि पोरगं वाढलं की परत सगळं. शिवाय बर्फाचं भाडं, गोली कोच वेगळा. तिकडे कीपरला गोली म्हणतात, ताईने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं कसली गोळी घेतोय हा. मैदानी हॉकीचं पण चांगलं किट स्वस्त नाही, श्रीजेशच्या वडिलांनी गाय विकून किट घेतलं होतं ही गोष्ट सगळ्यांना माहितीय, पण सुरुवातीला संस्थेचं जुनं किट मिळतं. माझं पहिलं हेल्मेट ज्याचं होतं तो तेव्हा रिटायर पण झाला होता. वास, पावसाळ्यात, बाल्कनीत तीन दिवस वाळत घातल्यावर, सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला होता.

शरीर आणि डोकं

बटरफ्लायची किंमत कमरेच्या सांध्याला चुकवावी लागते. मांडी आतल्या बाजूला वळवून हजारो वेळा पडायचं, त्याने खुब्याच्या वाटीची कडा घासते, फाटते, आणि कमी वयात ऑपरेशन झालेले कीपर खूप आहेत. गुडघे वेगळेच. कॅरी प्राइस, माँट्रियलचा, वर्षाला १ कोटी ५ लाख डॉलर, करार २०२६ पर्यंत, आणि गुडघ्यामुळे शेवटची मॅच एप्रिल २०२२ ला, वय ३४. दुसरीकडे मार्क-आन्द्रे फ्लूरी चाळीशीपर्यंत खेळला. नशिबाचा भाग आहेच. मैदानी हॉकीत घोटा, जांघ, बोटं जातात, माझी डाव्या हाताची करंगळी अजून सरळ होत नाही, पण खुबा शाबूत आहे, मांडी घालून जेवतो. श्रीजेश ३६ व्या वर्षी, दोन ऑलिम्पिक ब्रॉंझ घेऊन, स्वतःच्या मर्जीने थांबला.

डोक्याचं मात्र दोन्हीकडे सारखंच. ग्लेन हॉलने १९५५ ते १९६२ सलग ५०२ मॅच खेळल्या, एकही न चुकवता, त्याही मास्कशिवाय, आणि मॅचच्या आधी त्याला उलटी व्हायची. मास्क घालायला सुद्धा भांडावं लागलं. १ नोव्हेंबर १९५९ ला जॅक प्लांटच्या तोंडावर पक बसला, टाके घालून आला आणि म्हणाला मास्क घालू देत असाल तरच उतरतो. कोचला पसंत नव्हतं. बदली कीपर नव्हता म्हणून ऐकावं लागलं. आपल्याकडे १९८२ च्या एशियन गेम्सची फायनल पाकिस्तानशी ७-१ ने गेली आणि मीररंजन नेगीवर लोकांनी काय काय आरोप केले, माणूस त्यानंतर इंडियासाठी गोलमध्ये दिसला नाही. दहा जणांच्या चुका वरून गळत गळत येतात आणि स्कोअरबोर्डवर कीपरच्या नावाने लागतात. हे ज्याला रात्री झोपू देत नाही त्याने दोन्ही खेळात कीपर होऊ नये, फॉरवर्ड व्हावं, मिस केलं तरी टाळ्या मिळतात.

मधला रस्ता, जो भाच्याला माहीतच नव्हता

तो एनएचएल एनएचएल करत होता, पण भारतात आइस हॉकी आहे. आइस हॉकी असोसिएशन ऑफ इंडिया १९८९ पासून आंतरराष्ट्रीय फेडरेशनची मेंबर. लडाखमध्ये हिवाळ्यात तळी गोठतात आणि गावंच्या गावं खेळतात, हिमाचलात काझाला, शिमल्याचा रिंक तर १९२० पासूनचा. खेलो इंडिया विंटर गेम्समध्ये लेहला आइस हॉकी होते. मुलींची टीम २०१६ ला पहिल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेला तैपेईला गेली तेव्हा लोकांकडून वर्गणी काढून गेली होती, आणि २०२५ ला त्याच टीमने यूएईत अल-ऐनला एशिया कपचं ब्रॉंझ आणलं. गणपतीच्या वर्गणीपेक्षा कमी बातम्या आल्या त्याच्या, असो.

म्हणजे इंडियाची जर्सी बर्फावर मिळणं हे एनएचएलसारखं अशक्य नाही. पण तिथे त्याची स्पर्धा कोणाशी आहे ते पण बघा, लेहला साडेतीन हजार मीटरवर वाढलेली पोरं, आणि लष्कर, आयटीबीपीच्या टीम ज्यांचं खेळणं हीच ड्युटी. भारतात आइस हॉकीवर पोट भरायचं तर साधारण वर्दी घालूनच, हा पण एक करिअरचा पर्याय आहे हं, कोणी हसू नका. खारघरहून जाणाऱ्याला हिवाळ्याचे दोन महिने लेह, बाकी गुडगावच्या मॉलमधला छोटा रिंक किंवा देहरादूनचा मोठा, जो २०११ ला बांधला, वर्षानुवर्षं बंद पडून होता आणि २०२५ ला परत सुरू झाला. आपल्या इथे मॉलमध्ये जे बर्फाचं पार्क असतं त्यात फोटो निघतात, हॉकी नाही. सगळा खर्च घरचा.

मुलींच्या आईबाबांसाठी एक ओळ: उत्तर अमेरिकेत जानेवारी २०२४ पासून बायकांची प्रोफेशनल लीग सुरू झालीय, आधी सहा टीम, २०२५-२६ ला आठ, सुरुवातीला कमीत कमी पगार ३५ हजार डॉलर होता. पुरुषांच्या मानाने चिल्लर, पण मानों रेओम १९९२ ला एनएचएलच्या सराव मॅचमध्ये गोलमध्ये उभी राहिली तेव्हा तेवढंही नव्हतं.

मग कोणी काय करावं, माझं मत. पोरगं सात-आठ वर्षांचं आहे आणि तुम्ही तसेही कॅनडाला शिफ्ट होताय, तर बिनधास्त बर्फावर टाका, तिथे आपल्या पंजाब्यांनी हॉकी किती आपली केलीय बघा, २००८ ला तर टीव्हीवर पंजाबीत कॉमेंट्री सुरू झाली. पण फक्त गोलकीपर व्हायला, पंधरा-सोळाव्या वर्षी, नातेवाइकाच्या घरी, कर्ज काढून, नका पाठवू. पोरगा वाईट असेल म्हणून नाही. तो चांगला असला तरी दोन नंबरचा म्हणून चार-पाच वर्षं बसेल, आणि ते बसणं परक्या घरात, परक्या पैशात, उणे वीस डिग्रीत असेल. मैदानी हॉकीत पण तो बसणारच आहे. पण रात्री खारघरला येऊन आईच्या हातचं जेवेल आणि नोकरीच्या फॉर्मला लावायला एक सर्टिफिकेट असेल. बर्फ सोडू नकोच म्हणतो मी, डिसेंबरची सुट्टी लागली की लेहचा एक कॅम्प कर, बघ तिथे श्वास लागतो का. इनलाइन तर चालूच ठेव, पायाला त्याचा फायदाच आहे.

हे सगळं ताईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, भाऊजी म्हणाले उंचीचं लिहायची गरज नव्हती. भाच्याने मात्र मधेच थांबवून एकच विचारलं, "मामा, तिथे बॉल धरता येत नाही, मग पायाने इतक्या जोरात कसा मारतात, दुखत नाही?" मी माळ्यावरून माझे जुने किकर, म्हणजे बुटावर चढवायचे फोमचे पॅड, काढून आणलेत, फोम कडेने खाल्लाय पण चालतील. येत्या रविवारी तो पहिल्या खारघर-सीएसएमटीला बसेल, लगेज डब्यात, मी ठाण्याहून येऊन कुर्ल्याला चढतो. बॅग मात्र त्याने उचलायची.